दहापैकी चार

आमच्या तुकडीत त्याला सगळे कासव म्हणायचे. तीन तासांच्या पेपरात त्याचे निम्मेच प्रश्न व्हायचे. मी दरवर्षी पहिली. पण वॉर्डात पेशंट त्यालाच शोधायचे आणि अडलं की आम्हीही.

एकदा पोटात जळजळतंय म्हणणाऱ्या एका आजींच्या कागदावर मी 'पित्त' लिहून मोकळी झाले. कासव स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसला.

"आजी, जिना चढताना जास्त होतं का?"

"हो रे बाळा. बसलं की थांबतं."

त्यानं ईसीजी काढायला लावला. दुखणं हृदयाचं निघालं. सरांपुढे त्यानं माझं नावही काढलं नाही. तेच मला जास्त झोंबलं.

शेवटच्या वर्षी तो लेखीत दुसऱ्यांदा नापास झाला. त्याला आणखी एक संधी मिळावी म्हणून सरांनी धडपड केली. आमच्या गटातल्या पाचही जणांनी एकमेकांच्या वॉर्डातल्या कामाला गुण द्यायचे, बंद पाकिटात, नाव न लिहिता. कासवाची सरासरी आठ आली, तर सर त्याच्यासाठी शब्द टाकणार होते.

मी चार लिहिले. बाकीचे देतीलच की भरभरून, अशी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. तो माझ्याहून चांगला डॉक्टर आहे, हे मला स्वतःच्या हातानं लिहायचं नव्हतं.

तिघांनी नऊ-नऊ दिले होते. पाव गुणानं त्याची संधी हुकली.

अठरा वर्षांनी तो भेटला. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरांना प्रथमोपचार शिकवत होता. वर्ग सुरू व्हायच्या आधी मी त्याला गाठलं.

"ते चार गुण माझे होते," मी म्हटलं.

तो फळा पुसत राहिला. "माहीत आहे. त्या तिघांनी आपापले आकडे मला तेव्हाच सांगितले होते."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? पेपरात तर मी स्वतःच आपटलो होतो."

"आणि तू मला किती दिले होतेस?"

"सहा. हात चांगला होता तुझा. पण समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकायची नाहीस."

माफी मागायला मी तोंड उघडलं, तोवर ड्रायव्हर आत येऊ लागले होते. "बस ना," तो म्हणाला आणि त्यांच्याकडे वळला. मी मागच्या बाकावर बसले. तास संपेपर्यंत.