बॉयलरपुढचे टी-शर्ट

चेअरमन साहेब, तुम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणू नका. फोन स्पीकरवर होता आणि तुमचा आवाज मी ओळखते. दर सभेला कर्ण्यातून ऐकलाय.

मी भुवनेश्वरी. भवानी पेठेत यंत्रमागाच्या खडखडाटाला भिंत लागून माझी खोली आहे. टी-शर्टांवर विनाईलची अक्षरं हीट प्रेसनं चिकटवून देते. उद्या तुमच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटतोय. पूजा, मशाल, फोटो. तुमच्या मशालीसाठी भट्टीचं दार उघडतो तो माझा धाकटा भाऊ, संगमेश. गेल्या मोसमात पहिला जाळ दारातून उलटा बाहेर आला, तेव्हा त्याच्या भुवया गेल्या. अंगात खाकी सुती ड्रेस होता. ड्रेसला भोकं पडली, कातडी वाचली.

यंदा तुम्हाला खाकी नको झाली. फोटोत सगळे एकसारखे दिसायला हवेत. डाळिंबी टी-शर्ट, आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरांत तुमचं नाव, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

गठ्ठ्यावर 'शुद्ध सुती' असा शिक्का होता. मी सुताला लागतो तेवढा ताप लावून प्रेस दाबला. उचलून बघते तर कापडावर चौकोनी चकाकी, काठ आखडलेले, आणि प्लास्टिकची पिशवी चुलीत गेल्यासारखा वास. एक दोरा उसवून काडी लावली. सूत जळलं की राख होते. याचा काळा मणी झाला आणि बोटाला चिकटला. ओढला तेव्हा कातडी घेऊनच निघाला.

तुमच्या खरेदीवाल्या नंदीशरावांना लगेच फोन लावला.

"ह्यात पॉलिस्टर लई हाय. बॉयलरपुढं घालू नका, अंगावर वितळंल."

"ताई, तुमाला अक्षरं चिकटवायला सांगितलंय, कापड हुंगायला न्हाय. ताप कमी करा की."

"प्रेसचा करते. भट्टीचा कोण करणार?"

ते हसले. मागून तुम्ही विचारलंत, "काय म्हणतीय?" त्यांनी सगळं सांगितलं, वितळतं हा शब्दसुद्धा. त्यावर तुमचा एकच प्रश्न.

"नाव निघणार नाही ना?"

ताप उतरवून मी नावं लावली. मी नसती लावली तर पुढच्या गल्लीत लागली असती. सकाळी गठ्ठा उघडला तर पांढरी अक्षरं गुलाबी पडलेली. कापडाचा रंग खालून वर चढत होता, जखमेवरच्या पट्टीतून येतो तसा. नंदीशराव म्हणाले, चालतंय.

संगमेशचा टी-शर्ट मात्र मी वेगळा काढला, पूर्ण ताप लावला आणि प्रेस उचललाच नाही. त्याचा पापड झाला.

दुपारी तो गठ्ठा न्यायला आला.

"अक्का, माझा कुटाय?"

मी दाखवला.

"जळला व्हय?"

"जाळला. तू आपली खाकी घाल."

"खाकी जमा करून घेतली की सगळ्यांची. आता काय उघडा उभारू साहेबापुढं?" मग माझं तोंड बघून हसला. "होगली बिड, जाऊ दे, अक्का. आमी जरा लांब उभारतो."

"दार लांबून उघडतंय का?"

तो गठ्ठा खांद्यावर मारून गेला.

संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला. नंदीशरावांनी त्याला जास्तीचा टी-शर्ट दिला होता. मापानं लहान, अंगाला कातडीसारखा ताणून बसलेला. मागं भट्टीचं बंद दार, त्याला झेंडूचा हार घातलेला. खाली लिहिलं होतं, 'बसला की गं बरोबर.'

तेव्हापासून तुम्हाला फोन लावतेय. तुम्ही कापताय.

उद्या तुमच्या अंगात काय असेल ते मला ठाऊक आहे. दरवर्षीचा खादीचा सदरा, कडक इस्त्रीचा, शुद्ध सुती. मशाल आत टाकाल आणि फोटोसाठी चार पावलं मागं सराल. दार लावायला संगमेश तिथंच राहील, तुमचं नाव पाठीवर घेऊन.

म्हणून मशाल हातात घ्यायच्या आधी सांगा, साहेब. त्याच्या अंगातला तो शर्ट काढायला लावताय, व्हय का न्हाय?