रिमूव्हरचा वास

सून पुढच्या खोलीत पार्लर चालवायची आणि सासू मागच्या खोलीतून तोंड. भांडणाचा कायमचा विषय एकच, नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरचा वास. "घर आहे की रंगाचं दुकान?" हे सासूचं पालुपद.

घरात साखरेचे रोगी दोन. एक सासू, दुसरा तिचा म्हातारा कुत्रा, साहेब. दोघांच्या इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजच्या दारात शेजारीशेजारी. "मी टोचू का?" असं सुनेने विचारलं की सासू फणकारायची, "माझं मी बघते. तू नखं रंगव."

त्या आठवड्यात सासूला ताप येऊन गेला आणि तोंडाची चव गेली. साहेबानेही ताटलीकडे पाठ फिरवली. सासूने आपलं डोकं चालवलं. पोटात अन्न नाही तर साखर चढेल कुठून? तिने दोघांच्याही सुया बंद केल्या आणि सुनेला पत्ता लागू दिला नाही. साहेब नुसता पाणी ढोसायचा, ओकायचा, पुन्हा भांड्याशी जायचा. सासूही पाण्याचे तांब्यामागून तांबे रिकामे करत होती. कुणी पिळून दोरीवर टाकावं तसं तिचं अंग झालं होतं.

सुट्टीच्या दिवशी पार्लर बंद होतं. सून खिडक्या उघडून आडवी झाली होती. तिचीही कंबर जाग्यावर नव्हती. तरी सासूला वास आलाच.

"अगं ए, बाटली सांडलीस का?"

"आई, आज झाकणसुद्धा उघडलं नाही हो."

"मग हा काय माझ्या माहेरून आला?"

सासू भिंत धरून उठली आणि कोपरे हुंगत निघाली. साहेबाच्या गोधडीपाशी वास दाट झाला. साहेब धापा टाकत पडला होता. वास त्याच्या तोंडाला येत होता.

दवाखान्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासलं, सलाईन लावलं.

"इन्सुलिन कुणी बंद केलं?"

"मी. खातच नव्हता मेला."

"खात नसला तरी आपल्या मनाने बंद करायचं नाही, आजी. आधी आम्हाला विचारायचं. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साठतं. हा वास त्याचाच. वाचेल की नाही, आत्ता सांगता येत नाही."

"हे कुत्र्यांचंच ना?"

"माणसांचंही."

सासू बाकावर बसली. उभं राहायचं त्राण नव्हतंच. सून तिच्याकडे बघत राहिली.

"आई, तोंड इकडे करा."

"का? मुका घ्यायचाय?"

सून वाकली. दिवसभर रिमूव्हरची बाटली हाताळणारी ती. तिला दुसऱ्यांदा हुंगावं लागलं नाही. "तुम्हीसुद्धा?" तिने गाडीची किल्ली काढली. "चला. तुमच्या दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता."

"साहेब एकटा कसा राहील?"

"राहील. तो निदान डॉक्टरांशी वाद घालत नाही."

सासूला उलट बोलायचं होतं, पण तेवढा दम उरला नव्हता. तिने हात पुढे केला. सुनेने तो धरला आणि जवळजवळ उचलूनच तिला गाडीत बसवलं.

दार लागल्यावर सासू डोळे मिटूनच पुटपुटली, "विचारलं तर सांग तिथे, सुई म्हातारीने स्वतः बंद केली म्हणून. तुझ्या नावाने कुणी ब्र काढायला नको."

"बरं. आता गप्प बसा, आई."

आणि सासू गप्प बसली. तेव्हा मात्र सून खरी घाबरली आणि तिने गाडी सुसाट सोडली.