आधी मोडून बघायचं

सकाळच्या चहाच्या आत आत्याने चारशे पोरं मारली होती आणि तरी तिचं समाधान झालेलं नव्हतं.

"आरोही, खालची ओळ वाच. काय म्हणतेय?"

"पास."

"तेच मला पटत नाहीये."

पोरं म्हणजे प्रोग्रॅम हो. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याला जन्म देतो, त्याला त्या भाषेत 'चाइल्ड' म्हणतात, आणि बंद पाडण्याला सरळ 'किल'. माझी वैजयंती आत्या कर्नलच्या टेस्ट तपासते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी आतला गाभा. जगात कुठेतरी कुणीतरी त्यात नवी सोय घालतं, ती चालते हे दाखवायला एक टेस्टही लिहितं, आणि ती टेस्ट खरी की खोटी हे पिंपरी पेंढारमध्ये, आमच्या कांद्याच्या चाळीशेजारच्या खोलीत ठरतं. मला तर हे कुणालाही सांगताना अंगावर काटा येतो.

या वेळची सोय भयंकर होती. एका हुकमात अख्ख्या टोळीचा खातमा, नुकतं जन्माला येत असलेलं पोरसुद्धा सुटता कामा नये. टेस्ट म्हणत होती, कुणी सुटलं नाही. आत्याने काय केलं, तर मारणारा कोडच बंद करून टाकला आणि टेस्ट परत चालवली. परत पास! मग सापडलं. लिहिणाऱ्याने त्या पोरांना आयुष्यच एका सेकंदाचं दिलं होतं. ती आपोआप मरत होती आणि टेस्ट फक्त मोजत होती, कुणी उरलंय का.

"पास झालं की आधी घाबरायचं," आत्या म्हणाली. "मग चाललेली गोष्ट आपल्या हाताने मोडायची आणि बघायचं, टेस्ट बोंब मारते का. नाही मारली तर ती टेस्ट नाही, शोभेची वस्तू आहे."

आठ महिन्यांत हे सगळं तिनेच मला शिकवलं. गेल्या महिन्यात एका टेस्टमधली चूक मी पकडली, अकरावीतल्या मी! तेव्हापासून मी वर्गात मान जरा जास्तच ताठ ठेवते, असं माझी मैत्रीण श्रेया म्हणते. म्हणू दे.

आठ महिन्यांपूर्वी आत्या मंचरहून आली तेव्हा तिचं गळ्याजवळचं हाड मोडलेलं होतं आणि खालचे दोन दात पडलेले होते. नवऱ्याने, सुदर्शनने, तिला जिन्यावरून लाथ घातली होती. त्याने वाढायला हाक मारली आणि ही लॅपटॉपवरून न उठता म्हणाली, दोन मिनिटं थांबा. एवढंच.

आमच्या नात्यागोत्यात माघारी आलेल्या बाईला परत पाठवायच्या आधी जावयाची परीक्षा होते. पाच रविवार तो सासुरवाडीला येतो, चार मोठ्यांपुढे बसतो, आणि मोठे त्याला बघतात. सुदर्शनला गेणभाऊ घेऊन यायचे. ते बाबांचे मामा. लग्न त्यांनीच जमवलेलं, त्यामुळे शब्दही त्यांचाच. सुदर्शन पेढे आणायचा, खाली बघून बोलायचा, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलायचा. आज पाचवा रविवार होता. आत्याची बॅग आईने सकाळीच भरली होती, रडत रडत.

जेवणं झाली. गेणभाऊंनी पान लावायला घेतलं. "पाच आयतवार झालं," ते म्हणाले. "एकदा तरी आवाज चढला का? मानूस बदाललाय, सयाजी."

बाबा कुणाकडेच न बघता म्हणाले, "वैजे, आवर मग."

आत्याने एकच विचारलं. "मामा, या पाच रविवारांत मी यांना एकदा तरी नाही म्हणाले का?"

"न्हाई की. म्हून तर म्हनतो, दोगंबी सुदारलात." गेणभाऊ हसले. सगळेच हसले.

आत्या उठली. मला वाटलं बॅग आणायला गेली. ती लॅपटॉप घेऊन आली, सतरंजीच्या मधोमध बसली आणि टाइप करायला लागली. त्या खोलीत फक्त मला कळलं होतं, आत्या काय करतेय. ती आपल्या हाताने मोडून बघत होती.

सुदर्शन म्हणाला, गाडी उन्हात आहे, चल.

"थांबा जरा. माझं काम चाललंय."

तो हसला. हिला कामाची लई हौस, असं काहीतरी सगळ्यांना सांगितलं. मी पुढे सरकले तशी आत्याने मान वर न करता हाताने मला थांबवलं.

"वैजयंती. ऊठ."

"नाही उठत."

त्याने लॅपटॉपचं झाकण आपटून मिटलं आणि त्यावर गुडघा रोवला. तिची बोटं आत होती. वाळल्या भुईमुगाच्या शेंगा फोडाव्यात तसा आवाज आला. मग वेणी हाताला गुंडाळून त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. चुन्यावर लाल डाग उठला. मग ज्या तांब्यातून तो आत्ताच पाणी प्यायला होता, तोच उचलून तिच्या कानशिलावर हाणला. आणि हे सगळं करताना तो हळूच, समजावल्यासारखा बोलत होता, चार लोकांत माझी इज्जत काढतीस व्हय. त्याचा आवाज चढलाच नाही. कधीच चढत नसणार. पाच रविवार सगळे त्याचा आवाजच तर ऐकत बसले होते.

पुढे बाबांचं जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सुदर्शनला मानेला धरून अंगणात ओढलं, आडवा पाडला आणि तोंडावर बुक्के घालत सुटले. नाक फुटलं तरी थांबेनात. मग हाताला फरशीचा तुकडा लागला. आई एका हाताला लोंबकळली, मी दुसऱ्या. माझी बाही टरकन फाटली.

"दादा, सोड त्याला," आत्या दारातून म्हणाली. कानातून रक्त गळ्यावर उतरत होतं. "जिवंत ठेव. मला तक्रार करायचीय."

बाबांच्या हातातून फरशी पडली. सुदर्शन गाडीपर्यंत रांगतच गेला.

नारायणगावच्या सरकारी दवाखान्यात जाताना गेणभाऊ न सांगता आमच्या जीपमध्ये येऊन बसले. बराच वेळ ते आत्याच्या हाताकडे बघत होते. मग विचारलं, "पोरी, तुला ठाव व्हतं ना, त्यो मारंल म्हून?"

"नव्हतं, मामा."

"आन् न्हाई मारलं असतं तर?"

"तर गेले असते. बॅग भरलेलीच होती."

मलाही हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, तिला उत्तर आधीच ठाऊक आहे.

डॉक्टरांनी उजव्या हाताच्या तीन बोटांना पट्टी बांधली, कानाला टाके घातले आणि कागद ओढून विचारलं, कसं लागलं? बाबा खाकरले. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, बाहेर बाकावर गावची दोन माणसं होती. ते काय सांगणार हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

"जावयानं मोडली," गेणभाऊ म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "म्या म्होरं बसलो व्हतो. ल्ह्या तसं, आन् साक्षीला माजं नाव घाला."

डॉक्टरांनी लिहिलं. आत्याने एकेक ओळ स्वतः वाचली आणि एका ठिकाणी 'ढकलले' होतं, तिथे 'मारले' करायला लावलं. सही करायला पेन धरता येईना. डाव्या हातात धरून पाहिलं, तेही निसटलं. मग शिपायाने शाईचा पॅड पुढे केला. आत्याने डावा अंगठा नीट टेकवला, उचलला, आणि ठसा वाळेपर्यंत कागदावर हळूहळू फुंकर घालत उभी राहिली.