घासून लख्ख केलेलं तळं

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, एक लांबट टेबल आहे. भोवती सात मोठी माणसं आणि आठव्या खुर्चीवर तुम्ही. पाय जमिनीला टेकत नाहीत. मांडीवर एक वही आहे. त्या वहीतलं पान दाखवलं, तर तुमच्याच आजीला सगळ्यांपुढे मान खाली घालावी लागेल. दाखवाल?

भिंगरी अशीच बसली होती, विश्वस्तांच्या बैठकीत, आजीशेजारी. तिची आजी निसर्गशाळेची विश्वस्त. जन्मभर शिवणकाम केलं आणि आता एक पैसा न घेता मुलांची ही संस्था सांभाळत होती. इमारतीमागे एक लहानसं तळं होतं. दर शनिवारी मुलं त्यात जाळी बुडवून चतुराची पिल्लं मोजायची. पंख फुटेपर्यंत ती पाण्यात, गाळातच वाढतात. भिंगरीच्या वहीत आकडे होते : नऊ, अकरा, चौदा. आणि या शनिवारी शून्य.

कारण मागच्या रविवारी, पाहुणे येणार म्हणून, सगळ्या विश्वस्तांनी पदर खोचून, बाह्या सरसावून तळं उपसलं होतं. शेवाळ खरवडलं, तळ घासला, नवं पाणी भरलं. पुढाकार आजीचा. "आता यात ताट मांडून जेवावं," असंही ती म्हणाली होती.

आज अध्यक्ष ठराव वाचत होते. ते दातांचे डॉक्टर. "तळ्याची अशीच सफाई दर महिन्याला करावी. कुणाची शंका?"

इथली रीत अशी, की हे तीनदा विचारायचं. दर महिन्याला! भिंगरीला राहवेना. तिनं वही आजीपुढे सरकवली.

"कुणाची शंका?"

आजीनं चष्मा लावला. तिचं बोट आकड्यांवरून खाली उतरलं आणि शून्यावर थांबलं.

"कुणाची शं..."

"माझी," आजी म्हणाली. "डॉक्टर, तळं म्हणजे दात नव्हेत. घासता घासता आपण मुलांचा वर्गच गटारात ओतला. आणि घासायला लावलं मी."

"अहो, पण अहवालात फोटो घातलाय, तुमचाच. ब्रशसकट."

"राहू द्या. खाली लिहा, की विश्वस्तांची चूक झाली. मुलांना आपण सांगतो, दिसेल तेच लिहा. ते काय फक्त मुलांसाठी?"

डॉक्टरांनी हसत ठरावावर काट मारली. आजीची मान खाली गेलीच नाही. भिंगरीच तिच्याकडे मान उंचावून बघत राहिली. ही माझी आजी, असं तिला बाकीच्या सहाही जणांना सांगावंसं वाटलं, पण ते तर सगळ्यांना ठाऊकच होतं.

तेवढ्यात माळीकाका खाकरले. तेही विश्वस्त. "सगळाच गाळ नाही गेला गटारात. दोन बादल्या मी पिंपात ठेवल्यात, पाण्यासकट. झाडांना होईल म्हणून. तुम्ही पसारा म्हणाल, म्हणून बोललो नाही."

"तुमचा चिकटपणा एकदाचा कामी आला म्हणायचा," आजी म्हणाली.

भिंगरी तोवर दाराबाहेर होती. तिनं जाळी पिंपात हलकेच बुडवली, वर काढली, गाळ बोटानं बाजूला केला. मग वही गुडघ्यावर ठेवून शून्याखाली लिहिलं : पिंप, तीन. आणि ती तिघं वाडग्यात घेऊन, बरोबर मूठभर गाळ घेऊन, पाणी सांडू न देता, एकेक पाऊल टाकत तळ्याकडे निघाली.