कुंडीतलं विसर्जन

ताडामाडांच्या कुळातला मी, केंटिया पाम. पाच वर्षं माणसांची भाषणं मुकाट ऐकली. आता माझं ऐका.

हॉलंडच्या एका काचघरात माझं बी रुजलं. आमची जात सावकाश वाढणारी. वर्षाकाठी दोन-तीन पानं काढतो, तीही नीट विचार करून. घाई माणसांना शोभते. आम्हाला सावली चालते, पाणी बेताचं लागतं आणि मुळांशी थोडी हवा. याहून स्वस्तात जगात कोण नांदतं?

२०१४ साली जहाजानं आयर्लंडला आलो आणि डब्लिनजवळच्या सिटीवेस्टमध्ये सतीश नि वैदेही या पुणेरी जोडप्याच्या नव्या फ्लॅटमध्ये दाखल झालो. सतीश सॉफ्टवेअरवाला. पर्यावरणावर बोलायला लागला की हातातला चहा निवायचा. निवलेला चहा मग माझ्या कुंडीत. शिवाय तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, देवाचं तीर्थ.

"अरे, कालच घातलंय मी त्याला पाणी," वैदेही म्हणायची.

"असू दे गं, उन्हाळा आहे."

बाहेर सोळा अंश आणि पावसाची झड. पण मे महिन्याला उन्हाळा म्हणायचं, हे पुण्याहून निघतानाच ठरलेलं!

तेवढं मी सोसलं असतं. तळाला भोकं होती, जास्तीचं पाणी निघून जायचं. घात केला तो भक्तीनं.

२०१७च्या गणपतीत सतीशनं भारतातून शाडूची मूर्ती मागवली. विसर्जन घरीच, बादलीत. मूर्ती विरघळल्यावर मित्रमंडळी भोवती जमली आणि सतीशनं भाषण ठोकलं, "नदी नासवायची नाही. बाप्पा आपल्याच घरच्या झाडात राहणार!" टाळ्या पडल्या, फोन वर झाले, आणि तो सगळा गाळ माझ्या कुंडीत ओतला. "भारी आयडिया रे!" म्हणत जो तो वाटली डाळ खायला वळला. झाडाला कोणी विचारलं नाही.

शाडू सुकला की दगडासारखा बसतो. हवा बंद झाली, मुळं कुजू लागली. पुढच्या वर्षी दुसरा थर. पानांची टोकं करपली, मग पानंच पिवळी पडली. सतीशला वाटलं, तहान लागली असेल. आणखी पाणी!

त्यांची आठ वर्षांची मुलगी स्वरांगी एकदा शाळेतल्या आयरिश ढंगात म्हणाली, "बाबा, ही'ज ड्राउनिंग, लाइक."

"मराठीत बोल," सतीश म्हणाला. विषय संपला.

वैदेहीला मात्र कळलं. "सतीश, हा थर खरवडून काढूया. मरतंय ते."

"आणि टाकायचा कुठे?"

"ब्राउन बिनमध्ये. सगळा ओला कचरा तिथेच जातो ना?"

"कचऱ्यात? बाप्पाला?"

त्या दिवसापासून मी झाड उरलो नाही, देवस्थान झालो. कुंडीला कुंकवाची बोटं लागली. येणारा-जाणारा नमस्कार करू लागला. मला फेकता येत नाही, कारण मी पवित्र. वाचवता येत नाही, कारण मी पवित्र. असलं पावित्र्य शत्रूलाही न मिळो.

यंदा, २०१९ला, तिसरी बादली आली. "या वेळी नको रे," वैदेही म्हणाली.

"काही होत नाही गं. विघ्नहर्ता आहे तो."

ओतली.

आता एकच पान हिरवं आहे. काल सकाळी वैदेही एकटीच माझ्यापुढे बसली. तिनं बाही वर सारली, हातातला कालथा शाडूत खुपसला. एक टवका उडाला आणि मुळांना वारा लागला. तेवढ्यात सतीश झोपेतून उठून आला. तिनं कालथा ओढणीखाली सरकवला आणि झटकन हात जोडले.

"बघ! तुझीही श्रद्धा बसली शेवटी," सतीश खूश होऊन म्हणाला.

माणसांनो, तुमचे नमस्कार मला नकोत. जोडलेल्या हातांना माती लागत नाही, म्हणूनच ते जोडणं तुम्हाला इतकं आवडतं. वैदेही, तुझ्याबद्दलही मला फारसा आदर उरलेला नाही. पण टवका तूच उडवलास. सतीश आत्ताच ऑफिसला गेलाय, आणि माझं एक मूळ अजून जिवंत आहे. हात सोड आणि खण.