रघुवीर सेठची दुश्मन

जुन्या इंदुरात आनंदीबाई दफ्तरदारांच्या जिभेचा जेवढा दरारा होता, तेवढा त्यांच्या यजमानांच्या होळकरी नोकरीचाही कधी नव्हता. यजमान गेले, संस्थान गेलं, मध्यभारत आलं. जीभ शाबूत राहिली. ती मराठी, हिंदी की दूधवाल्या गंगूबाईची माळवी, हे कुणी विचारलं नव्हतं. "काय गं गंगू, दूध आणून राहिली का नळाचं पाणी?" हे कानावर पडलं की गल्लीची सकाळ व्हायची.

मल्हारगंजात रघुवीर सेठचं कापडाचं दुकान. सेठला मोतीबिंदू, गिऱ्हाईक तो आवाजावरून ओळखायचा. बाई पायरीवरूनच म्हणायच्या, "काय सेठ, आज कोणाला लुटलं?" गादीवरून उत्तर यायचं, "आ गई मेरी दुश्मन." मग तासभर घासाघीस. शेजारचे दुकानदार आपलं गिऱ्हाईक सोडून ऐकायला येत. शेवटी बाई जिंकत, आणि सेठचंही काही जात नसे, कारण बाईंसाठी भाव तो आधीच चढवून ठेवायचा. बाईंना हे ठाऊक होतं. जिंकायचा आनंद त्यामुळे कमी होत नसे.

मुलगा अच्युत पुण्याहून बी.ए. होऊन आला आणि सचिवालयात लागला. पदवीबरोबर त्यानं एक धास्तीही आणली होती. पुण्याचं स्थळ सांगून आलं, मुलीचे वडील अप्पासाहेब घर बघायला येणार असं ठरलं, तेव्हा ती धास्ती बाहेर पडली. त्यानं एका वहीत उभी रेघ मारली. डावीकडे आईचे शब्द, उजवीकडे चांगले. सब्जी, भाजी. जल्दी, लवकर. पानं भरली.

"आई, आठ दिवसांत हे बसव."

"अन् नाही बसलं तर?"

"मग गप्प राहा. हो आणि नाही एवढं पुरे."

"मी बोलून राहिली तर तुझी बायको पळून जाईल का रे?"

अच्युत हसला नाही. "पुण्यात मला चार वर्षं हसले, आई. तुझ्यासारखं बोलायचो म्हणून."

सेठपुढे कधी न हरलेल्या बाई तिथे हरल्या.

अप्पासाहेब आले, चहा घेतला. "इंदूरची माणसं फार बोलघेवडी, असं ऐकलं होतं. आपण तर अगदीच शांत."

"हो," बाई म्हणाल्या. लग्न ठरलं.

बाईंचा हिशेब आठ दिवसांचा होता. पण शशिकला सून होऊन आली, ती काही आठ दिवसांसाठी नव्हे. पोर गुणी, एकदासुद्धा चूक काढली नाही. फक्त एखादा डावीकडचा शब्द निसटला की ती अच्युतकडे बघायची आणि अच्युत ताटाकडे. मग बाई प्रत्येक शब्द आधी मनात तपासू लागल्या. नीट शब्द हाती येईपर्यंत गोष्ट पुढे गेलेली असायची.

"कईं बई, बीमार हो?" गंगूबाईनं एकदा विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या आणि पातेलं आत नेलं.

सून आल्यापासून बाई सुधारल्या, असं गल्लीचं मत पडलं.

दीड वर्षानं शशिकलेच्या डोहाळजेवणाचं पातळ घ्यायला बाई एकट्याच मल्हारगंजात गेल्या. "काय सेठ, आज कोणाला लुटलं?" हे वाटभर घोळवलेलं होतं. पायरीवर पाय ठेवला, आणि तोंडातून आलं, "नमस्कार. एखादं पातळ दाखवता का?"

सेठनं आवाजाकडे तोंड वळवलं. "आइये, बहनजी. पूना से आई हैं?"

सेठ पातळं उलगडत राहिला. "हमारे यहाँ एक मराठी बाई आती थीं, आनंदीबाई. क्या जबान थी उनकी. डेढ़ बरस से आवाज नहीं सुनी. आपके लोगों में कुछ खबर हो तो…"

अरे मेल्या, तुझ्यासमोर उभी आहे. ओठांपर्यंत आलं. तिथं ते नेहमीसारखं तपासलं गेलं, आणि परत आत गेलं. दुसऱ्यांदा आणायला बाईंजवळ बळ उरलं नव्हतं.

"गेल्या त्या," बाई म्हणाल्या.

सेठचा हात कापडावर थांबला. "अच्छी थीं," तो म्हणाला. मग त्यानं भाव सांगितला. अगदी रास्त सांगितला. चढवलेला काहीच नव्हता, त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं.

बाईंनी पातळ घेतलं आणि पायऱ्या उतरल्या.