पुठ्ठ्यावरची अक्षरं

तेविसावा लॅपटॉप पुसून होतो न होतो तोच शाळेच्या फाटकाशी जीप थांबल्याचा आवाज आला, आणि ओलिंपिया बाई उठल्या. फडक्याची घडी करून त्यांनी खिशात घातली, कपाट बंद केलं आणि किल्ली परत गळ्यात, क्रुसाच्या शेजारी सोडली. चौदा वर्षं ती तिथेच होती. नवरा गेला, दोन मुख्याध्यापक बदलले, पण किल्ली हलली नाही.

निवृत्तीला तीन दिवस उरले होते. आज शिक्षण खात्याच्या कचेरीतून माणूस येणार, कपाटातला माल मोजणार, ताब्यात घेणार आणि कागदावर शिक्का मारणार. मोजणीचं बाईंना काही वाटत नव्हतं. तेवीस आले होते, तेवीस होते. एकाला ओरखडा नाही. प्रत्येकासाठी त्यांनी अल्पाकाच्या लोकरीचं झाकण विणलं होतं, हिवाळ्यात पोरांच्या अंगावर धड स्वेटर नसले तरी यंत्रं उबेत होती. भीती होती ती कागदाच्या शेवटच्या रकान्याची. मुख्याध्यापक साउल सरांनी कालच तो मोठ्याने वाचला होता. ताबा देणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक यंत्र स्वतः सुरू करून दाखवावे.

"त्यात काय एवढं," सर म्हणाले होते. "बटण दाबायचं की झालं."

बाईंनी मान हलवली होती. चौदा वर्षं त्या अशीच मान हलवत आल्या होत्या.

लॅपटॉप आले त्या वर्षी पुकामार्का गावात काय थाट झाला होता. चौकात ढोल वाजले, सरपंचांनी भाषण ठोकलं, खोकी उतरवताना म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. मग आठवड्याभरात मागून कागद आला की एक जबाबदार शिक्षक नेमा, काही मोडलं-हरवलं तर त्याच्या पगारातून कापू. तो वाचला जात असताना सगळे शिक्षक एकदम खिडकीबाहेर डोंगर बघायला लागले. इतिहास शिकवणाऱ्या ओलिंपिया वारंका बाई तेवढ्या समोर बघत बसल्या होत्या, म्हणून सही त्यांची झाली.

त्यांना प्रशिक्षणालाही पाठवलं. दोन दिवस, चाळीस शिक्षक आणि दहा यंत्रं. बाईंच्या वाट्याला शेवटचं बाक आलं. शिकवणारा तरुण वाईट नव्हता, पण घाईत होता. दुसऱ्या दिवशी कुठे बाईंचं बोट यंत्राला लागलं आणि नेमकं चुकीच्या जागी पडलं. तो मागून आला, त्यांचा हात बाजूला सारला, भराभर चार बटणं दाबली आणि म्हणाला, "झालं, मॅडम." काय झालं ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. पण एक्कावन्नाव्या वर्षी, सगळ्यांच्या देखत, लहान मुलाचा सारावा तसा आपला हात कुणीतरी सारला, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. प्रमाणपत्र सगळ्यांना मिळालं, त्यांनाही मिळालं. आता येत नाही म्हणायचीही सोय राहिली नाही.

मुलं मात्र पाठ सोडत नव्हती. मग बाईंनी रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि एका यंत्रावरची अक्षरं ओळीने, जशीच्या तशी त्यावर उतरवली. असे तीस पुठ्ठे. दर बुधवारी तिसऱ्या तासाला बाई शब्द सांगायच्या आणि मुलं पुठ्ठ्यावर बोटं चालवायची. मागे भिंतीशी कपाट, कपाटात तेवीस यंत्रं, आणि पुढे मुलं पुठ्ठे बडवतायत. यात काही विचित्र आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. बाई बाकांमधून फिरत सांगायच्या, "जोरात दाबा. दाबून धरा, म्हणजे मला दिसेल कुठलं अक्षर आहे ते."

जीपमधून एक तरुणी उतरली. अंगात कचेरीचं निळं जाकीट, खांद्याला बॅग. तिने साउल सरांशी हात मिळवला आणि सरळ येऊन बाईंना मिठी मारली.

"बाई, ओळखलंत? नेलिदा. दुसऱ्या बाकावरची."

बाईंनी ओळखलं होतं. फाटकातच ओळखलं होतं.

तिघं वर्गात आली. बाईंनी गळ्यातून किल्ली काढली, तशी नेलिदा अगदी सहज म्हणाली, "किल्ली अजून अडकते का हो, बाई?"

बाईंचा हात तिथल्या तिथे थांबला.

बारा वर्षांपूर्वी नेलिदा चौदाची होती. पुठ्ठ्यावर तिच्याइतका वेग कुणालाच नव्हता. डोळे मिटून बोटं चालवायची. डोंगराच्या वरच्या अंगाला घर, बाप दुसऱ्यांच्या मेंढ्या राखायचा. राजधानीत, लिमाला, कुठल्याशा बाईच्या घरी धुण्याभांड्यासाठी तिला धाडायचं ठरलं, तेव्हा ती शाळा सुटल्यावर मागे थांबली. म्हणाली, एकदाच खऱ्यावर दाबू द्या, एकच अक्षर, काय होतं ते बघते आणि जाते. बाईंना नाही म्हणवेना. त्यांनी किल्ली कुलपात घातली, फिरवली, कुलूप उघडलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता यंत्र बाहेर काढावं लागेल, सुरू करावं लागेल, आणि हिच्या डोळ्यांदेखत आपल्याला ते जमणार नाही. त्यांनी किल्ली उलटी फिरवली. "अडकतेय गं," त्या म्हणाल्या होत्या. "पुढच्या बुधवारी बघू." पुढच्या बुधवारी दुसऱ्या बाकावर नेलिदा नव्हती.

"नाही," बाई आता म्हणाल्या. "नाही अडकत."

कपाट उघडलं. झाकणं बघून नेलिदाला हसू आलं आणि तिने एक गालाला लावून पाहिलं. तेवीस मोजले. मग बाई खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला आणि पहिला लॅपटॉप समोर घेतला. प्रशिक्षणातल्या वहीचं पान त्यांनी सकाळपासून दहा वेळा वाचलं होतं. झाकण उघडणे. कोपऱ्यातले गोल बटण दाबणे. त्यांनी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. कानाच्या पाळ्या तापल्या. साउल सर घसा खाकरून छताकडे बघायला लागले.

दुसराही लागला नाही, तिसराही नाही. नेलिदाने चार्जर जोडला, स्वतः दाबून पाहिलं, एक उलटा करून त्याचं पोट चाचपलं. पोट फुगलं होतं.

"तुमचं काही चुकत नाहीये, बाई," ती म्हणाली. "नुसतं पडून राहिलं की बॅटरी मरते. सगळे गेलेत हे."

"कधी गेले असतील?"

"काय सांगणार? पण पहिली तीन-चार वर्षं चालले असते."

बाईंनी मनात हिशेब केला. यंत्रं येऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा ही पोर कपाटापाशी उभी होती.

एकही हरवला नाही, एकाला ओरखडा नाही, हे ठळक लिहा बरं का, असं साउल सरांनी दोनदा बजावलं आणि पाहुणीसाठी उकडलेला मका आणि चीज झालं का ते बघायला ते स्वयंपाकघराकडे गेले. वर्गात दोघीच उरल्या. टेबलावर तेवीस यंत्रं उघडी पडली होती आणि लोकरीच्या झाकणांचा ढीग बाईंच्या मांडीवर होता.

"नेलिदा," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी किल्ली अडकली नव्हती."

"माहितीये, बाई. कुलूप उघडल्याचा आवाज आला होता मला."

"मग मघाशी का विचारलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून." नेलिदा झाकणाचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली. "मला वाटलं, तुम्हाला वाटलं असेल ही उचलून नेईल. वरच्या वस्तीची ना मी. लिमाला त्या घरात काही सापडेनासं झालं की आधी माझी पिशवी उलटी करायचे. तेव्हा दर वेळी मला तुम्ही आठवायचात."

बाईंना वाटलं होतं त्याहून हे फार वाईट होतं. आपली लाज झाकायला ओढलेलं दार या पोरीच्या तोंडावर बसलं, आणि बारा वर्षं तिने त्याचा हा अर्थ उराशी धरला. त्यांचे डोळे भरून आले.

"तसं नव्हतं गं. देवाशपथ नव्हतं. मला ते सुरू करता येत नव्हतं. तेव्हाही नाही, आजही नाही."

चौदा वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. नेलिदा त्यांच्याकडे बघत राहिली.

मग तिने बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढला. पावती त्यातच भरायची होती. यंत्रे तेवीस, चालू एकही नाही, हे तिने पटापट लिहिलं, स्क्रीनकडेच बघत, बोटांकडे एकदाही न बघता. अक्षरांच्या जागा अजून पुठ्ठ्यावरच्याच होत्या, ते बाईंना दिसत होतं. शेवटचा रकाना राहिला तेव्हा तिने लॅपटॉप बाईंकडे फिरवला.

"ताबा देणाऱ्याचं नाव. तुम्ही लिहा."

बाईंनी झाकणं बाजूला ठेवली. ओ कुठे आहे ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी बोट नेमकं त्यावर ठेवलं, शिकवत आल्या तसं जोरात दाबलं आणि धरून ठेवलं. स्क्रीनवर एक ओ उमटला, मग दुसरा, मग गोल गोल ओंची रांग सुटली, ओळ भरली, खालची भरायला लागली. बाई घाबरल्या आणि त्यांनी आणखी जोरात दाबलं.

नेलिदाचा हात पुढे आला, त्यांच्या हातापाशी पोचला आणि तिथून मागे गेला.

"लिमाला पहिल्या नोकरीच्या परीक्षेत माझंही असंच झालं होतं," ती म्हणाली. "सगळे हसले. बोट उचला, बाई."

बाईंनी बोट उचललं. रांग थांबली. उचललेलं बोट तसंच हवेत धरून त्या पुढचं अक्षर शोधू लागल्या.